बारावीच्या 'जागतिक धर्म' विषयाचा ऑनलाइन कोर्स : व्हिडिओ बघाच, तक्ते मात्र लांब ठेवा

पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते पुढे येईलच, पण घ्यावा की न घ्यावा एवढंच विचारत असाल तर घ्या, फक्त त्यातले रिव्हिजनचे तक्ते मुलांच्या हाती लवकर पडू देऊ नका. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण या विषयाचे कोर्स साधारण एकाच साच्यातले असतात आणि मी जे लिहितेय ते दुसऱ्या कुठल्याही कोर्सला लावून बघता येईल.

मुलीने शेवटच्या वर्षाला वर्ल्ड रिलिजन्स विषय घेतला तेव्हा घरात सगळ्यांचा सूर एकच, की हा काय विषय आहे, पाठांतर करायचं आणि मार्क घ्यायचे, स्कोअरिंग आहे ना मग झालं. मलाही तो गैरसमज दूर करायची काही घाई नव्हती. पण व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर लागायचे त्यामुळे स्वयंपाक करता करता मी पण अर्धे ऐकले आणि मग चक्क बसून बघायला लागले, म्हणून हा रिव्ह्यू आईचा असला तरी अर्धा विद्यार्थ्याचाच समजा.

पॅकेजमध्ये मिळतं काय तर रेकॉर्डेड व्हिडिओ, पीडीएफ नोट्स, दर आठवड्याला एक लाइव्ह डाउट सेशन, टेस्ट सिरीज आणि त्यातल्या मोठ्या उत्तरांना माणसाने तपासून दिलेला फीडबॅक. धर्म घेतलेत हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी, बहाई, चीनमधला ताओ आणि जपानमधला शिंतो. प्लस आदिवासी आणि मौखिक परंपरांवर मिळून एकच व्हिडिओ, जो इतका घाईत उरकलाय की तो नसता तरी चाललं असतं, जगभरच्या शेकडो परंपरा एका डब्यात कोंबून वर 'निसर्गपूजा' असं लेबल चिकटवलंय आणि पुढे चला.

आता तक्ते. कोर्सवाल्यांना याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे, जाहिरातीत पण तेच दाखवतात, "अकरा धर्म एका पानावर". आडवे अकरा धर्म आणि उभे रकाने : संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, चिन्ह, मुख्य सण, मुख्य श्रद्धा. बघायला एकदम चकाचक, रंगीत. आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण हे रकाने ख्रिश्चन धर्माच्या मापाने शिवलेत, एक संस्थापक, एक पुस्तक, रविवारची एक इमारत, आणि 'तुम्ही काय मानता' हा पहिला प्रश्न. बाकीच्यांना त्यात बसवायचं तर कुणाचा हात कापावा लागतो तर कुणाचा पाय.

हिंदू धर्माच्या पुढे संस्थापकाच्या रकान्यात 'नाही' लिहिलंय, ते ठीक आहे. शिंतोच्या पुढे पण 'नाही', आणि ग्रंथाच्या रकान्यात 'कोजिकी', जो 712 सालचा जपानचा सगळ्यात जुना इतिहासवजा ग्रंथ आहे, पण बायबल किंवा कुराण ज्या अर्थाने धर्मग्रंथ त्या अर्थाने तो नाही, रकाना रिकामा दिसायला नको म्हणून भरलेला. जैन धर्माच्या पुढे सरळ 'संस्थापक : महावीर'. अहो, जैन परंपरेत महावीर चोविसावे तीर्थंकर, त्यांच्या आधी पार्श्वनाथ तेविसावे, आणि पहिले ऋषभदेव! ज्यांच्या आधी तेवीस जण होऊन गेले असं तो धर्म स्वतःच सांगतो त्यांना संस्थापक कसं म्हणायचं? गंमत म्हणजे याच कोर्सच्या जैन धर्माच्या व्हिडिओत मॅडम हे सगळं नीट समजावून सांगतात, म्हणजे व्हिडिओ बनवणारे आणि तक्ता बनवणारे एकमेकांशी बोललेच नसावेत. सपोर्टला मेल केला तर "तुमचा अभिप्राय संबंधित टीमकडे पाठवला आहे" एवढं उत्तर आलं आणि परीक्षेपर्यंत तक्ता होता तसाच.

शीख धर्माचं बघा. संस्थापक गुरू नानक, ग्रंथ गुरू ग्रंथ साहिब, दोन रकाने, दोन टिकमार्क, संपलं. पण मुद्दा असा आहे की तिथे ग्रंथ हाच गुरू आहे. 1604 मध्ये पाचव्या गुरूंनी, गुरू अर्जनांनी संकलित केलेला ग्रंथ हरमंदिर साहिबमध्ये (अमृतसरच्या सुवर्णमंदिरात) स्थापन झाला आणि 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी आपल्यानंतर हाच गुरू असं सांगितलं. म्हणून सकाळी ग्रंथ समारंभाने उघडतात, रात्री विश्रांतीला नेतात, वर छत असतं, चवरी ढाळतात, जिवंत गुरूला द्यावा तसा मान. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की 1430 पानं हा आकडा पाठ करावा लागत नाही, तो आपोआप चिकटतो. आणि त्या 1430 पानांत आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत, म्हणजे एका धर्माच्या गुरुस्थानी असलेल्या ग्रंथात बाहेरच्या संतांचा आवाज. तक्त्यात याला जागा कुठे आहे? व्हिडिओत नामदेवांचा उल्लेख आला तेव्हा मुलगी आतून ओरडली "आई, हे ऐक ना लवकर ये", बारावीतल्या पोरीकडून एवढा उत्साह म्हणजे कोर्सला त्यासाठी पाव स्टार तिथेच दिला मी.

बौद्ध धर्माच्या बाबतीत मात्र व्हिडिओ आणि तक्ता दोघांनी निराश केलं. चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, थेरवाद, महायान, वज्रयान हे पंथ, सगळं व्यवस्थित, पण फोटोत कायम भिक्षू डोळे मिटून बसलेला आणि मागे डोंगर. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांबरोबर धम्मदीक्षा घेतली, 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यावर दोन ओळी आहेत, त्या पण 'भारतातील पुनरुज्जीवन' अशा शीर्षकाखाली. धर्म माणसं निवडतात, सोडतात, नव्याने अर्थ लावून घेतात, समाज बदलायचं साधन म्हणून हातात घेतात, हे शिकवायला विसाव्या शतकात यापेक्षा मोठं उदाहरण मिळणार नाही आणि ते दोन ओळीत. ध्यान करणाऱ्या भिक्षूचा फोटो सात वेळा, असो.

बरं तक्त्याला पर्याय नाही असं पण नाही. पहिल्याच मॉड्यूलमध्ये निनियन स्मार्ट यांची मांडणी शिकवलीये. हे स्कॉटिश वंशाचे अभ्यासक, 1967 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यासाचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या पुढाकाराने. ते म्हणायचे की धर्माकडे सात बाजूंनी बघा : विधी, कथा, अनुभव, समाज आणि संस्था, नीती, तत्त्वविचार, आणि सातवी वस्तू-वास्तू, जी त्यांनी नंतर जोडली. याचा फायदा हा की कुठल्याही धर्माला 'नाही' लिहावं लागत नाही. एखाद्याची विधीची बाजू जाड असते, तत्त्वविचाराची बारीक, दुसऱ्याचं उलट, आणि हे कमीजास्त असणं हेच उत्तरात लिहायचं असतं. शिंतोचं बघा, जपानमधलं इसेचं मंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पूर्ण नव्याने बांधतात, शेवटचं 2013 मध्ये झालं, पुढचं 2033 ला. ग्रंथाच्या रकान्यात ओढूनताणून काहीतरी भरण्यापेक्षा विधी आणि वास्तू या दोन बाजूंनी लिहिलं तर याच एका उदाहरणावर मुलगा पानभर लिहू शकतो. पण कोर्सने काय केलं, पहिल्या मॉड्यूलमध्ये हे शिकवलं, त्यावर एक एमसीक्यू घेतली आणि पुढे सगळीकडे तोच सहा रकान्यांचा तक्ता. आम्ही वहीत स्वतःच सात मथळ्यांची पानं केली आणि तक्त्याची पीडीएफ थेट डिलीट.

आता चांगलं बोलते, कारण चांगलं पण भरपूर आहे.

कॅलेंडरचं मॉड्यूल. हे एकच विकत मिळत असतं तर मी ते एकटं पण घेतलं असतं. विषय साधा : सणांच्या तारखा दरवर्षी का बदलतात. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं, म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांची तूट. आता या अकरा दिवसांचं करायचं काय, याचं उत्तर प्रत्येक धर्माने वेगळं दिलंय आणि त्या उत्तरात त्या धर्माचं अख्खं व्यक्तिमत्त्व दिसतं. ज्यूंनी 19 वर्षांत 7 जादा महिने टाकले, कारण त्यांचा वल्हांडण सण (पासओव्हर) वसंतातच यायला हवा, ते शेतीशी आणि इजिप्तमधून सुटकेच्या कथेशी बांधलेलं आहे. आपल्या पंचांगात अधिक महिना, तोच उपाय, दर 32-33 महिन्यांनी. इस्लामने ठरवून जादा महिना टाकायचा नाही असं केलं, कुराणातच त्याला मनाई आहे, म्हणून रमजान ऋतूंमधून फिरत राहतो आणि साधारण 33 वर्षांत पूर्ण फेरी मारतो, म्हणजे एकाच माणसाला आयुष्यात उन्हाळ्याचे लांबलचक रोजे पण मिळतात आणि हिवाळ्याचे छोटे पण. ग्लोबवर फिरवून दाखवलंय की उत्तरेकडच्या देशांना जून अवघड जातो तेव्हा दक्षिणेकडच्यांना सोपा, आणि काही वर्षांनी बरोबर उलट, म्हणजे त्रास सगळ्यांना आळीपाळीने वाटला जातो. 2030 मध्ये तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि परत डिसेंबरच्या शेवटी.

ईस्टरचं तर अजून वेगळंच, वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे सूर्य, चंद्र आणि आठवडा तिघांना एकत्र बसवायचं, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यामध्ये कुठेही येतो, आणि ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरने मोजतं त्यामुळे बहुतेक वर्षी त्यांचा ईस्टर वेगळा. 2025 मध्ये दोघांचा एकाच दिवशी आला होता, 20 एप्रिलला. आणि बहाई लोकांनी चंद्राला सोडूनच दिलं, 19 दिवसांचे 19 महिने, 361 झाले, उरलेले चार किंवा पाच दिवस वेगळे काढून ते पाहुणचार आणि दानधर्माला दिले. हे सगळं एका व्हिडिओत, एका प्रश्नाच्या धाग्यावर. इथे धर्म शेजारी शेजारी ठेवलेत पण कुणाला कुणाच्या मापाने मोजलेलं नाही. तुलना कशी करायची हे मुलं इथे शिकतात, तक्त्यातून नाही.

दुसरं आवडलेलं म्हणजे ग्रंथाचं एक पान. धर्मग्रंथांवरच्या मॉड्यूलमध्ये नेहमीची यादी आहेच, कुराणाचे 114 सूरा म्हणजे अध्याय, बायबल प्रोटेस्टंटांचं 66 पुस्तकांचं आणि कॅथलिकांचं 73 चं वगैरे. पण मध्येच मॅडमनी स्क्रीनवर ताल्मुदचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाचं, एक पान लावलं आणि तब्बल अर्धा तास तेवढ्या एका पानावर घालवला. पानाच्या मधोमध मूळ मजकूर, म्हणजे मिश्ना (नियमांचा जुना संग्रह) आणि त्यावरची चर्चा. एका बाजूच्या समासात राशी नावाच्या ज्यू पंडितांचं भाष्य, ते 1105 मध्ये वारले. दुसऱ्या बाजूच्या समासात त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचे शेरे, ज्यात राशींचा सख्खा नातू रब्बेनू ताम पण आहे, आणि नातू आजोबांचं म्हणणं खोडून काढतोय, त्याच पानावर, समोरासमोर! पानाची ही रचना व्हेनिसमध्ये 1520 च्या आसपास डॅनियल बॉम्बर्गच्या छापखान्यात ठरली आणि आजही तीच चालते. आणि जगभर लोक रोज एक पान असं वाचतात, 2711 पानं, साडेसात वर्षांत एक फेरी, ही पद्धत 1923 मध्ये सुरू झाली, आत्ताची फेरी जानेवारी 2020 ला सुरू झालीये.

आता तक्त्यात ज्यू धर्मापुढे 'ग्रंथ : तोरा' (बायबलची पहिली पाच पुस्तकं) एवढंच आहे. ते चूक नाही. पण त्या एका पानाने जे दाखवलं ते असं की या परंपरेत वाद घालणं हे वाचनाचाच भाग आहे, हरलेल्या बाजूचं मत पण जपून छापायचं. मुलीने हे परीक्षेत 'धर्मग्रंथाचा अधिकार' या प्रश्नाला वापरलं. कुराणाच्या बाजूने तिने पठण घेतलं, की तो मुळात तोंडाने म्हणायचा आणि कानाने ऐकायचा ग्रंथ, अख्खा पाठ असणारी माणसं आजही आहेत. एकीकडे समासात वाढत गेलेला ग्रंथ, एकीकडे अक्षरही बदलू नये म्हणून कंठात जपलेला. असं उत्तर तक्ता पाठ करून येत नाही हो.

तिसरं आणि खरं म्हणजे ज्यासाठी पैसे वसूल झाले ते, उत्तरांवरचा फीडबॅक. एक उदाहरण देते. प्रश्न होता : "'उपवास म्हणजे आत्मसंयम.' किमान दोन धर्मांच्या आधारे या विधानाचं मूल्यमापन करा." मुलीने मस्त लिहिलं होतं, रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, योम किप्पूरला (ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस) साधारण 25 तास, जैन उपवासात फक्त उकळलेलं पाणी ते पण दिवसा उजेडी, थेरवादी भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत, बहाई 19 दिवस. माहिती भरपूर आणि सगळी बरोबर. मार्क निम्मे! तपासणाऱ्यांनी समासात फक्त तीन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, "हे वर्णन झालं, मूल्यमापन कुठे आहे?" दोन, "सगळे मुसलमान? सगळे ज्यू? कोण नेमकं?" तीन, "उपवासाला महत्त्व न देणारा धर्म शोधा."

तिसऱ्या शेऱ्याने सगळं उत्तर बदललं. शीख धर्मात व्रत म्हणून केलेल्या उपवासाला स्थान नाही, संयम हवाच पण तो काम करून, वाटून खाऊन, नामस्मरण करून. म्हणजे आत्मसंयम उपवासाशिवाय पण होतो. आणि उलट बाजूने, उपवास आत्मसंयमाशिवाय दुसऱ्या कशासाठी पण असतो, योम किप्पूरला मुख्य गोष्ट प्रायश्चित्त, रमजानमध्ये कुराण अवतरलं त्या महिन्याचं स्मरण आणि ईश्वराची आज्ञा पाळणं. शिवाय आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सूट आहे, नंतर भरून काढा, आणि ज्यू नियमात तर जीव धोक्यात असेल तर योम किप्पूरला सुद्धा खायलाच हवं, न खाणं चूक. आत्मसंयम हाच एकमेव हेतू असता तर 'आता खा' अशी आज्ञा कशी आली असती? हे तिने दुसऱ्या प्रयत्नात लिहिलं. दोन्ही उत्तरांची लांबी जवळजवळ सारखीच, पण पहिलं गूगल केलेलं वाटत होतं आणि दुसरं एका माणसाने विचार करून लिहिलेलं. आता तक्त्याच्या सवयीने पहिलं उत्तर येतं आणि फीडबॅकने दुसरं, एकाच कंपनीच्या दोन हातांचं हे काम, म्हणूनच रेटिंग द्यायला एवढा विचार करावा लागला.

एक मात्र आहे, फीडबॅक कोण देतं त्यावर नशीब. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा तेच एक काटेकोर सर यायचे. मध्ये दोनदा दुसरं कुणी आलं तर "छान प्रयत्न! अजून मुद्दे लिहा" बस एवढंच, असल्या शेऱ्याचं काय लोणचं घालायचं? चॅटमध्ये विनंती केली तर तपासणारा बदलून मिळतो, हे कुठेही लिहिलेलं नाही पण मिळतो, मागा.

व्हर्च्युअल टूर ठीकठाक. 360 अंशातले प्रार्थनास्थळांचे व्हिडिओ आहेत, निम्म्यांत मागे बासरीचं म्युझिक, का ते कळलं नाही. पण दिशांवरचा भाग चांगला आहे, मशिदीची किब्ला म्हणजे नमाजाची दिशा मक्केकडे (सुरुवातीला ती जेरुसलेमकडे होती, 624 च्या सुमारास बदलली), सिनेगॉगमधलं (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातलं) तोराचं कपाट जेरुसलेमच्या दिशेला, जुनी चर्च पूर्वाभिमुख, हरमंदिर साहिबला चार दिशांना चार दरवाजे, बहाई मंदिरांना नऊ बाजू. प्रत्यक्ष जायला मिळत असेल तर हे सोडून सरळ तिकडे जा, व्हिडिओत बूट काढावे लागत नाहीत आणि कुणी बोलत पण नाही.

मुलाखतीचा प्रोजेक्ट हा कोर्सचा कच्चा दुवा. आपल्यापेक्षा वेगळा धर्म पाळणाऱ्या एका व्यक्तीशी बोला असा टास्क आहे, कल्पना उत्तम, पण प्रश्नावली दिलीये ती वाचून मला घाम फुटला. "तुमच्या धर्मात स्त्रियांना दुय्यम स्थान का आहे?" असा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीने कुणाच्या घरी जाऊन पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा? बरं उत्तर देणाऱ्याने अख्ख्या धर्माचा वकील का व्हायचं? मुलीने ती यादी बाजूला ठेवली आणि एकच विचारलं की काकू, तुम्ही लहान असताना जे पाळायचा त्यातलं आता काय सोडलं आणि काय नव्याने धरलं. काकू दीड तास बोलल्या. मग त्यांचे मिस्टर मध्ये पडले, "असं नसतं आमच्यात", आणि दोघांचीच जुंपली. प्रोजेक्टला पूर्ण मार्क मिळाले, कारण एकाच घरात एकाच धर्माची दोन रूपं तिला आयती मिळाली आणि तिने ती तशीच लिहिली, कोण बरोबर ते न ठरवता.

आणि तो पाय चार्ट. पहिल्याच व्हिडिओत जगातल्या धर्मांची लोकसंख्या दाखवलीये, प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेचे 2010 चे आकडे : ख्रिश्चन 32 टक्के, मुसलमान 23, हिंदू 15, बौद्ध 7, ज्यू 0.2, आणि 'कुठल्याच धर्माशी न जोडलेले' 16 टक्के. आता बघा, शीख, जैन, पारशी, बहाई, शिंतो, ताओ हे सगळे मिळून 'इतर' मध्ये, एक टक्क्यापेक्षा कमी, आणि कोर्समध्ये त्या प्रत्येकाला आख्खं मॉड्यूल आहे, छान, लोकसंख्येवर महत्त्व ठरवलं नाही हे मला पटलं. पण ते 16 टक्के कुठे गेले? दर सहा माणसांत जवळपास एक, आणि त्यांच्यावर एक व्हिडिओ नाही. निरीश्वरवादी, अज्ञेयवादी, देव मानणारे पण धर्म न मानणारे, कुणीच नाही. चार्वाकांचं नाव हिंदू मॉड्यूलमध्ये एका वाक्यात येऊन जातं तेवढंच. डाउट सेशनमध्ये कुणीतरी विचारलं तर "सिलॅबसमध्ये नाही". मग चार्टमध्ये कशाला टाकलं? आणि 2010 चे आकडे अजून किती दिवस दाखवणार?

पालकांसाठी एक, कारण ग्रुपवर हा प्रश्न सारखा येतो की असलं शिकून मुलं स्वतःच्या धर्मापासून लांब जातात का. आमच्याकडे उलटच झालं, म्हणजे जवळ पण नाही आली आणि लांब पण नाही गेली, प्रश्न मात्र खूप विचारायला लागली. सगळ्यात अवघड तिला स्वतःच्याच धर्माचं मॉड्यूल गेलं, कारण तिथे 'हे तर मला येतं' म्हणून तिने व्हिडिओ डबल स्पीडवर पळवले आणि टेस्टमध्ये सगळ्यात कमी मार्क त्याच मॉड्यूलला. घरात जसं करतात तेच सगळीकडे करतात असं धरून लिहिलेलं उत्तर, शेरा ठरलेला : "हे तुमच्या घरचं की परंपरेचं?" मॅडमचं शिकवणं मात्र वाखाणण्यासारखं, त्या स्वतः काय मानतात याचा आम्हाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही आणि कुठल्याही धर्माबद्दल बोलताना 'ते लोक' असा सूर पण नाही लागला. 1054 ची कॅथलिक-ऑर्थोडॉक्स फूट असो, 1517 चा प्रोटेस्टंट सुधारणावाला ल्यूथर असो की शिया-सुन्नींचा वारसाचा वाद असो, दोन्ही बाजूंचं म्हणणं त्या बाजूच्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत सांगतात. हे फार कमी जणांना जमतं.

अॅपबद्दल थोडक्यात. व्हिडिओ मध्येच बंद झाला की परत पहिल्यापासून सुरू होतो. सर्च चालत नाही. क्विझमध्ये शुद्धलेखनावरून उत्तर चुकवतात, 'मित्झ्वा' (ज्यू धर्माज्ञा) आणि 'मिट्झवा' यात एक चूक एक बरोबर, अरे देवा. नोट्स मोबाइलवर वाचायच्या नाहीत, प्रिंट काढा.

घ्यायचं कुणी? ज्यांच्या परीक्षेत निबंधवजा मोठी उत्तरं आहेत त्यांनी नक्की घ्या, आणि टेस्ट सिरीजवाला प्लॅनच घ्या, नुसत्या व्हिडिओंचा नको. ज्यांच्याकडे फक्त एमसीक्यू आहेत त्यांना एवढ्याची गरज नाही, त्यांना तो तक्ता पण पुरेल (महावीरांची ओळ दुरुस्त करून). परीक्षा तोंडावर आली असेल तर कॅलेंडर, ग्रंथ आणि उपवास-प्रार्थना ही तीन मॉड्यूल आधी बघा, टूर आणि चिन्हांचे व्हिडिओ राहू द्या. आणि तपासलेली उत्तरं वेळेत डाउनलोड करून ठेवा, सबस्क्रिप्शन संपलं की व्हिडिओ महिनाभर दिसतात पण उत्तरपत्रिका त्याच दिवशी गायब होतात.